कॉफी कुठे पिकते आणि तशीच का लागते? नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गंगापूर रोडला आमचं कॉफी भाजण्याचं छोटं दुकान आहे. यंत्र फिरायला लागलं की वास रस्त्यापर्यंत जातो, माणसं आत येतात आणि पाकिटांवरची नावं वाचून विचारतात: सिदामा म्हणजे काय, चिकमगळूरची आणि वायनाडची इतकी वेगळी का, गेशाला एवढे पैसे कशाचे? माझं माहेर दिंडोरीकडचं, द्राक्षबागेचं. उत्तर देताना मी सारखी बागेकडे वळते, आणि समोरच्यांपैकी निम्म्यांच्या घरी किंवा सासरी बाग असते, त्यामुळे त्यांना ते पटकन कळतं. तीच उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

कॉफी म्हणजे नेमकं काय? दाणा, बी की शेंग?

बी. कॉफीचं फळ करवंदाएवढं असतं, पिकलं की लालबुंद होतं, काही जातींत पिवळं. आत थोडासा गोड गर, त्याखाली चिकट थर, मग कडक टरफल आणि त्यात एकमेकींना चपट्या बाजूनं चिकटलेल्या दोन बिया. कधी एकच बी धरते आणि गोल होते, तिला पीबेरी म्हणतात. आपण जे भाजून दळतो ती ही बी. फळाचा गर बहुतेक वेळा फेकला जातो किंवा खतात जातो.

हे आधी सांगते कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. कॉफी हे फळबागेचं पीक आहे. छाटणी, खत, रोग, फुलोरा, तोडणीची घाई, मजुरांची टंचाई, सगळं आपल्या बागेसारखंच.

जगात ती होते तरी कुठे कुठे?

विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना, साधारण कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या पट्ट्यात. ब्राझील आणि व्हिएतनाम हे दोनच देश मिळून जगातली निम्मी कॉफी पिकवतात. त्यांच्यामागे कोलंबिया, इंडोनेशिया, इथिओपिया, होंडुरास, युगांडा, भारत, पेरू, मेक्सिको, ग्वाटेमाला असे देश येतात, आणि वर्षागणिक त्यांचा क्रम थोडा हलतो. केनिया, पनामा, जमैका, येमेन यांचं उत्पादन या मानानं फारच थोडं, नाव मात्र मोठं.

पाकिटावर समुद्रसपाटीपासूनची उंची का छापता? उंचावरची कॉफी चांगली असते का?

उंचीचा खरा अर्थ गारवा. दर १००० मीटर वर गेलं की हवा साधारण ६ अंशांनी थंड होते. गारव्यात फळ सावकाश पिकतं, बी घट्ट भरते, आंबट-गोड द्रव्यं जास्त साठतात. आपल्याकडे कडक थंडीत मण्यात साखर भरायला वेळ लागतो, पण तोच माल खाताना वेगळा लागतो, तसंच काहीसं. उंचावरची बी भाजतानाही जाणवते: कडक असते, आच जास्त मागते, आणि कपात तिचा आंबटपणा लिंबा-संत्र्यासारखा स्वच्छ येतो.

पण नुसता आकडा वाचून निवड करू नका. इथिओपियात १९०० मीटरवर झाड सुखात असतं कारण तो देश विषुववृत्ताच्या जवळ आहे. हवाईतलं कोना बरंच उत्तरेला आहे, तिथे ५००-६०० मीटरवरच तसा गारवा मिळतो. म्हणून उंची आणि अक्षांश एकत्र बघायचे. कोनाच्या ६०० मीटरला कमी लेखणं म्हणजे निफाडची थंडी आणि कोकणातली थंडी एकाच मापानं मोजणं.

नाशिकात द्राक्षं होतात, वाइन होते, स्ट्रॉबेरीही होते. मग कॉफी का नाही?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या डोळ्यांत दोन एकर रिकामी जमीन दिसत असते. म्हणून सविस्तर लिहिते.

नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. गंमत म्हणजे कोनासुद्धा जवळपास त्याच अक्षांशावर आहे. तरी तिथे होते, इथे होत नाही. कोनाला चहूबाजूंनी समुद्र. सकाळी ऊन, दुपारी डोंगरावर ढग येऊन सावली धरतात, आणि वर्षभर तापमान फारसं हलत नाही. अरेबिकाला साधारण १५ ते २४ अंशांमध्ये सुख असतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० ला टेकतो, जानेवारीत निफाडला तो ५ च्या आसपास उतरतो. द्राक्षवेल हे सोसते, कारण तिला आपण ऑक्टोबर आणि एप्रिलच्या छाटणीनं आपल्या वेळापत्रकात बसवलं आहे. कॉफीचं झाड सदाहरित. ते पानं टाकून विश्रांती घेत नाही. कोरडा उष्ण वारा लागला की पानांच्या कडा करपतात, आणि दव गोठलं तर फांद्या काळ्या पडतात.

दुसरी गोष्ट पाऊस. कॉफीला वर्षाला साधारण १५०० ते २००० मिलिमीटर लागतो. शहरात आणि पूर्वेकडच्या तालुक्यांत त्याच्या निम्माही पडत नाही. इगतपुरी-त्र्यंबककडे भरपूर पडतो, पण चार महिन्यांत सगळा ओतून मोकळा होतो. दक्षिणेतल्या कॉफीच्या मुलखात मार्च-एप्रिलमध्ये एक हलकी सर यावी लागते, तिच्यावरच फुलं येतात. आपल्याकडे त्या दिवसांत पाऊस आला तर तो गारांचा येतो.

महाराष्ट्रात कॉफी मुळीच होत नाही असं मात्र नाही. अमरावती जिल्ह्यात, मेळघाटातल्या चिखलदऱ्याला ब्रिटिशांच्या काळापासून कॉफीची झाडं आहेत. तिथली उंची ११०० मीटरच्या आसपास आहे आणि जंगलाची सावली आहे. तेवढ्यावर तिथलं झाड तगलं.

ज्वालामुखीच्या मातीतली कॉफी उत्तम असं म्हणतात. आपला सह्याद्रीही ज्वालामुखीचाच ना?

बरोबर, आणि हा प्रश्न एका भूगोलाच्या निवृत्त शिक्षकांनी विचारला तेव्हा मला घरी जाऊन नीट विचार करावा लागला.

ग्वाटेमालातल्या अँटिग्वाभोवती तीन ज्वालामुखी आहेत. त्यांतला फ्युएगो अजून जागा आहे, राख टाकत असतो. ती राख ताजी, भुसभुशीत, पाणी धरूनही निचरा करणारी. कॉफीच्या मुळांना पाणी हवं असतं पण साचलेलं चालत नाही, म्हणून ही माती तिला मानवते. आपला बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. कमी पावसाच्या कोरड्या हवेत तो झिजला आणि त्याची काळी, चिकण, पावसात फुगणारी आणि उन्हात भेगाळणारी माती झाली. बऱ्याच ठिकाणी त्यात चुनखडी. कॉफीला किंचित आम्लधर्मी माती लागते, त्यामुळे इथे ती पिवळी पडते.

पण दगडाला दोष देऊ नका. ब्राझीलच्या पाराना राज्यातली प्रसिद्ध लाल माती, जिच्यावर एकेकाळी अफाट कॉफी पिकायची, तीसुद्धा जुन्या बेसाल्टचीच आहे. उष्ण, ओल्या हवेत झिजली म्हणून लाल आणि निचऱ्याची झाली. दगड एकाच प्रकारचा, पाऊस वेगळा, म्हणून माती वेगळी.

आणि मातीची चव कपात उतरते, राखेची कॉफी धुरकट लागते, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. धुरकटपणा भाजताना येतो. माती झाडाला अन्न, पाणी आणि निचरा देते, तिचं काम तिथे संपतं.

अरेबिका चांगली आणि रोबस्टा वाईट, हे खरं का?

नाही. दोन्ही वेगळ्या जाती आहेत. अरेबिका मूळची इथिओपियाच्या नैर्ऋत्येकडच्या जंगलांतली, गारव्याची, नाजूक, सुगंधी. रोबस्टा मध्य आणि पश्चिम आफ्रिकेच्या उष्ण, ओल्या जंगलांतली. कमी उंचीवर येते, रोगाला दाद देत नाही, झाडाला फळ भरपूर. कॅफीन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट, म्हणून कडू आणि जोरकस. मजेची गोष्ट अशी की रोबस्टा ही अरेबिकाची जन्मदात्री आहे: रोबस्टा आणि युजेनिऑइडिस नावाची एक रानटी जात यांच्या नैसर्गिक संकरातून अरेबिका जन्मली.

रोबस्टाचं नाव खराब झालं ते हयगयीमुळे. कच्ची-पिकी फळं एकत्र ओरबाडून मातीवर वाळवली तर कोणतीही बी वाईटच लागेल. नीट वेचून, धुऊन वाळवलेली भारतीय रोबस्टा, जिला बाजारात कापी रॉयल म्हणतात, ती प्यायल्यावर माझं मत बदललं. इटलीतले लोक एस्प्रेसोवर जाड फेस यावा म्हणून भारतीय रोबस्टा आवर्जून घेतात. तुम्हाला दूध-साखर घालून प्यायची असेल तर निम्मी रोबस्टा असलेलं मिश्रण घ्या. नुसती अरेबिका दुधात हरवते.

नॅचरल, वॉश्ड, हनी म्हणजे काय? मध घालतात का?

मध घालत नाहीत. तोडलेल्या फळातून बी काढायच्या या तीन पद्धती.

नॅचरल म्हणजे अख्खं फळ उन्हात वाळवायचं, नंतर टरफल फोडायचं. पिंपळगावकडच्या मंडळींना मी सांगते: हा कॉफीचा बेदाणा. फळ आक्रसतं, गर आत मुरतो, बीला फळाचा दाट गोडवा आणि कधी वाइनसारखा वास येतो. बेदाण्याच्या शेडवर ढग आले की जीव कसा टांगणीला लागतो ते तुम्हाला माहीत आहे. तिथेही तेच. नीट हलवलं नाही, ढीग जाड राहिला, तर बुरशी आणि आंबूस वास.

वॉश्ड म्हणजे गर यंत्रानं काढायचा, चिकट थर टाकीत आंबवून सोडवायचा, धुवायचं आणि मग वाळवायचं. यात फळाचा मुलामा जातो आणि बीची स्वतःची चव स्वच्छ दिसते. पाणी भरपूर लागतं. हनीमध्ये गर काढतात पण चिकट थर ठेवून वाळवतात. तो थर मधासारखा चिकटतो म्हणून हे नाव. कोस्टा रिकानं ही पद्धत नावारूपाला आणली.

माझं ठाम मत: कपात जाणवणारा फरक बऱ्याचदा देशापेक्षा या पद्धतीचा असतो. एकाच गावातली नॅचरल आणि वॉश्ड शेजारी ठेवून प्या. दोन देशांच्या वाटतील.

इथिओपियाच्या कॉफीला फुलांचा वास कसा येतो?

अरेबिकाचं ते घर आहे. बाकी जगानं येमेनमार्गे गेलेल्या मूठभर बियांपासून आपली लागवड केली, त्यामुळे जगभरच्या अरेबिका एकमेकींच्या जवळच्या नातलग आहेत. इथिओपियात मात्र परसातल्या, शेतातल्या, जंगलातल्या हजारो स्थानिक वाणांची सरमिसळ आहे. यिर्गाचेफे हा सिदामासारखाच दक्षिण इथिओपियातला कॉफीचा मुलूख. तिथल्या एका गोणीत कित्येक शेतकऱ्यांच्या परसांतली फळं एकत्र आलेली असतात. १८०० ते २२०० मीटरची उंची, लाकडी चौकटींवर जाळी ताणून केलेले उंच ओटे, त्यांवर हातानं निवडत वाळवलेली बी. वॉश्ड यिर्गाचेफेत मला पारिजातकाच्या परडीसारखा वास येतो, चहासारखी हलकी लागते. पूर्वेकडचा हरार कोरडा मुलूख, तिथे नॅचरलच करतात, चव रानटी आणि दाट.

तिथे कॉफीला बुन्ना म्हणतात, आणि पाहुण्यांसमोर तव्यावर बिया भाजून, कुटून, जेबेना नावाच्या मातीच्या सुरईत उकळून तीनदा वाढतात. देशातली जवळजवळ निम्मी कॉफी तिथलेच लोक पितात. पिकवणाऱ्या देशांत हे फार थोड्या ठिकाणी दिसतं.

केनिया एए म्हणजे सर्वोत्तम प्रत?

एए हा आकार आहे. लासलगावला कांदा गोळा आणि गोल्टी असा वेगळा करतात, तसं चाळणीवरून मोठी बी एए, तिच्याखालची एबी. मोठी बी दिसायला सुंदर, पण एबी चवीला सरस निघाल्याचं मी अनेकदा अनुभवलं आहे, आणि ती स्वस्तही असते.

केनियाची चव वेगळी का, तर माउंट केनियाच्या उतारावरची खोल लाल माती, न्येरी-किरिन्यागा या भागांची उंची आणि एसएल २८ व एसएल ३४ हे वाण. एसएल म्हणजे स्कॉट लॅबोरेटरीज, तिथे १९३० च्या दशकात ही निवड झाली. शिवाय तिथे आंबवून, धुऊन, पुन्हा स्वच्छ पाण्यात भिजत ठेवायची रीत आहे. चव म्हणाल तर पिकलेल्या करवंदाची. जीभ शहारते. पहिल्यांदा पिणाऱ्याला ती आंबट वाटते, तिसऱ्या कपाला त्याच माणसाला बाकीच्या कॉफ्या सपक वाटायला लागतात.

रवांडाच्या कॉफीच्या एका कपाला कच्च्या बटाट्याचा वास आला. माल खराब होता का?

तेवढी एक बी खराब होती. पूर्व आफ्रिकेच्या त्या भागात एक ढेकणासारखा किडा कोवळं फळ टोचतो, त्यातून संसर्ग होतो आणि बीला बटाट्याच्या सालीचा वास येतो. बाहेरून काही दिसत नाही. आरोग्याला धोका नाही. तो कप ओतून टाका, दुसरा करा. पाकीट परत आणलंत तरी मी बदलून देईन.

कोलंबियाची कॉफी वर्षभर कशी मिळते? ब्राझीलची मात्र ठरावीक वेळीच ताजी का?

बागलाणातल्या डाळिंबवाल्यांना हे लगेच समजेल. बहर किती आणि कधी, यावर सगळं आहे.

कोलंबिया विषुववृत्ताला लागून. तिथे उन्हाळा-हिवाळा असा भेद जवळजवळ नाही, पावसाळे दोन. म्हणून बहुतेक भागांत दोन बहर: एक मुख्य, दुसरा धाकटा, त्याला मिताका म्हणतात. एकाच फांदीवर फूल, हिरवं फळ आणि पिकलं फळ एकत्र दिसतं. त्यामुळे मजूर पुन्हा पुन्हा त्याच झाडाकडे जाऊन फक्त लाल फळ वेचतात. अँडीजचे उतार इतके खडे की यंत्र चालायचंच नाही. हे सगळं हातानं होतं, म्हणून निवड चांगली आणि खर्च जास्त. १९२७ पासून तिथे शेतकऱ्यांचा राष्ट्रीय महासंघ आहे, त्याचं स्वतःचं संशोधन केंद्र आहे. आपल्या द्राक्ष बागायतदारांनी संघटना करून जे मिळवलं, त्याची मला तिथे आठवण येते.

ब्राझीलला कोरडा हिवाळा. झाडाला आपोआप ताण बसतो, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पहिल्या पावसावर सगळं शिवार एकदम फुलतं, एकदम पिकतं. मिनास जेराइसचं पठार सपाट, ८०० ते १२०० मीटरचं. ओळींवरून यंत्र जातं आणि झाड हलवून फळ पाडतं. तोडणीच्या काळात पाऊस नसतो, म्हणून फळ खळ्यावर पसरून वाळवता येतं. यातूनच ब्राझीलची ओळख घडते: कमी आंबट, भाजलेल्या शेंगदाण्यासारखी, चॉकलेटकडे झुकणारी, दाट. स्वस्त पडते ती याच कारणानं. साधी म्हणून तिला नाक मुरडू नका. घरच्या रोजच्या दुधाच्या कॉफीला मी तीच देते.

कॉफीचे भाव एवढे का चढले?

ब्राझीलमध्ये काय घडतं त्यावर जगाचे भाव हलतात. १९७५ च्या जुलैत, म्हणजे तिथल्या भर हिवाळ्यात, पाराना राज्यात एका थंडीच्या लाटेनं जवळजवळ सगळी कॉफी काळी पडली. त्या लाटेला तिथले लोक काळं हिव म्हणतात. पुढची दोन वर्षं जगभर भाव भडकले, आणि तिथली कॉफीशेती कायमची उत्तरेला, मिनासकडे सरकली. २०२१ च्या जुलैत पुन्हा हिव पडलं. त्यानंतर ब्राझील आणि व्हिएतनाम दोन्हीकडे दुष्काळ झाला. २०२५ च्या फेब्रुवारीत न्यू यॉर्कच्या बाजारात अरेबिका पौंडाला ४ डॉलरच्या वर गेली. रोबस्टाचा भाव लंडनला ठरतो, तिथेही विक्रम मोडले. चिकमगळूरचा शेतकरी या आकड्यांवर रोज सकाळी डोळा ठेवतो, जसा आपला शेतकरी बाजार समितीच्या भावावर.

कुणाची बाग गारपिटीत गेलेली मी लहानपणी पाहिली आहे. एका रात्रीत वर्षाचं पीक आणि पाच वर्षांची झाडं जाणं काय असतं, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

व्हिएतनामची कॉफी?

जवळजवळ सगळी रोबस्टा, बुओन मा थुओतच्या पठारावरची. फ्रेंचांनी एकोणिसाव्या शतकात आणली, पण १९८६ च्या आर्थिक सुधारणांनंतर तिथे जी लागवड वाढली तिनं देशाला दुसऱ्या क्रमांकावर नेलं. कडक भाजून, धातूच्या गाळणीतून थेंब थेंब काढून, घट्ट गोड दूध घालून पितात. आपल्या फिल्टर कॉफीची चुलत बहीण.

सुमात्राच्या कॉफीला ओल्या मातीचा वास का?

तिथे पाऊस थांबतच नाही, पूर्ण वाळवायला ऊन मिळत नाही आणि शेतकऱ्याला पैसे लवकर हवे असतात. म्हणून बी अर्धी ओली असतानाच टरफल काढून टाकतात आणि मग उघडी बी वाळवतात. याला गिलिंग बासाह म्हणतात. बी निळसर हिरवी दिसते, चवीला जड, लाकडी, मसालेदार. पहिल्या पावसातल्या जमिनीची आठवण करून देते. काहींना अजिबात आवडत नाही.

आता आपल्या देशाबद्दल सांगा. कॉफी इथे आली कशी?

आख्यायिका अशी की सतराव्या शतकात बाबा बुदान नावाचे सूफी संत हजहून परतताना येमेनमधून सात बिया घेऊन आले आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरात त्यांनी त्या पेरल्या. तो डोंगर आज त्यांच्या नावानं बाबाबुदनगिरी म्हणून ओळखला जातो. मोठ्या प्रमाणावर मळे लागले ते इंग्रजांच्या काळात.

देशातली साधारण ७० टक्के कॉफी कर्नाटकातून येते: चिकमगळूर, कोडगू म्हणजेच कुर्ग, हासन. मग केरळातलं वायनाड, जिथे मुख्यतः रोबस्टा, आणि तमिळनाडूतले निलगिरी, शेवरॉय, पुलनी डोंगर. पूर्व घाटात आंध्रातल्या अराकू खोऱ्यात आदिवासी शेतकरी छोट्या छोट्या तुकड्यांवर उत्तम अरेबिका पिकवतात. २०१९ मध्ये कुर्ग, चिकमगळूर, बाबाबुदनगिरी आणि अराकू यांच्या अरेबिकाला आणि वायनाडच्या रोबस्टाला भौगोलिक मानांकन मिळालं. नाशिकच्या द्राक्षांना आणि येवल्याच्या पैठणीला ते आधीच मिळालेलं आहे, त्यामुळे त्याचं मोल वेगळं सांगत नाही.

आपल्या कॉफीचं वैशिष्ट्य सावली. ब्राझीलमध्ये उघड्या उन्हात ओळी दिसतात. चिकमगळूरला मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला मळा सापडेना, जंगलच दिसत होतं. वर फणस, उंबर, सिल्व्हर ओक, त्यांच्या खोडांवर मिरीचे वेल, आणि त्यांच्या खाली कॉफी. सावलीमुळे फळ सावकाश पिकतं, माती वाहून जात नाही, पक्षी राहतात, आणि कॉफीचा भाव पडला तर मिरी हात देते. उंची मध्यम आणि सावली दाट असल्यानं आंबटपणा सौम्य, अंग भरीव, किंचित मसाल्याकडे झुकणारी चव.

शेजारी मिरी आणि वेलची असते म्हणून चवीत मसाला उतरतो ना?

नाही. वेलाचा वास जिवंत फळातल्या बीत शिरत नाही. वाळलेली कच्ची बी मात्र गोदामातला कोणताही वास ओढून घेते, म्हणून तिच्याजवळ मसाल्याची, कांद्याची किंवा कीटकनाशकाची पोती ठेवायची नसतात. घरीही कॉफीचा डबा गोड्या मसाल्याच्या शेजारी ठेवू नका.

मॉन्सून्ड मलबार हा काय प्रकार?

जुन्या काळी शिडाच्या जहाजांतून कॉफी आफ्रिकेला वळसा घालून युरोपात जायची. महिनोन्‌महिने दमट हवेत बी फुगायची, पिवळट पडायची, आंबटपणा जायचा. गिऱ्हाइकाला तीच चव सवयीची झाली. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला, पुढे आगबोटीही आल्या, प्रवास आटोपला आणि ती चव गायब झाली. मग मंगळूरच्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर गोदामं उघडी ठेवून, बी पसरून, पावसाळी वारा खाऊ घालून ती मुद्दाम तयार करायला लागले. आपण चाळीतल्या कांद्याला पावसाळी हवा लागू नये म्हणून धडपडतो, तिथे ती हवा बोलावतात. कोरड्या लाकडासारखी, जड, आंबटपणा नसलेली कॉफी. ज्यांना कॉफीनं जळजळ होते असं वाटतं, त्यांना मी ही चाखायला देते.

गेशाला सोन्याचा भाव का?

गेशा हा वाण मूळचा इथिओपियातला, १९३० च्या दशकात तिथून बाहेर पडला. पनामात तो कित्येक वर्षं दुर्लक्षित होता, कारण फळ कमी धरतो. २००४ मध्ये बोकेतेच्या हासिएंडा ला एस्मेराल्दा या मळ्यानं तो वेगळा वेचून स्पर्धेत ठेवला आणि परीक्षक थक्क झाले: मोगरा, संत्र्याची साल, मध. तेव्हापासून लिलावात त्याचे आकडे वाढतच गेले. चव खरोखर अपूर्व आहे. किमतीत मात्र दुर्मीळपणाचा वाटा मोठा आहे. आयुष्यात एकदा प्या, रोज पिण्याची ती गोष्ट नाही.

तांबेरा कॉफीवर पण येतो?

येतो, आणि त्यानं इतिहास बदलला. १८६९ मध्ये श्रीलंकेत तो दिसला. आज आपण सिलोनचा चहा म्हणतो, पण त्या आधी तिथे डोंगरच्या डोंगर कॉफीचे होते. पानाच्या खालच्या बाजूला नारिंगी पूड, मग पानगळ, मग झाड खलास. काही वर्षांत मळे बसले आणि चहा आला. भारतातही तो लगेच पोहोचला. जावात त्याच्यामुळेच पुढे रोबस्टा लावली गेली. २०१२-१३ ला मध्य अमेरिकेत त्यानं हाहाकार केला.

भारतानं याला वाणांनी उत्तर दिलं. चिकमगळूर जिल्ह्यात बाळेहोन्नूरला १९२५ पासून संशोधन केंद्र आहे. तिथला एस ७९५ हा वाण आजही मळ्यांत सर्रास दिसतो आणि चवीलाही छान आहे. त्यात लायबेरिका या दुसऱ्या जातीचा अंश आहे. कोलंबियानं कास्तियो काढला. आता उष्णता वाढते तसा तांबेरा आणि खोडकिडा वर वर सरकतो आहे, आणि डोंगराला शेवटी माथा असतो. २०१९ च्या एका पाहणीत कॉफीच्या १२४ रानटी जातींपैकी ६० टक्के नष्ट होण्याच्या धोक्यात आढळल्या. मला याची मनापासून काळजी वाटते, कारण उद्याचा टिकाऊ वाण त्याच जंगलांतून यायचा आहे. सिएरा लिओनमधली स्टेनोफिला ही विस्मरणात गेलेली जात २०१८ मध्ये पुन्हा सापडली. ती उष्ण हवेत तगते आणि चवीला अरेबिकाच्या जवळ जाते.

पाकिटावर जांभूळ, गूळ, संत्रं लिहिलंय. फ्लेवर घातलाय का?

काहीही घातलेलं नाही. वासाची आठवण म्हणून ते शब्द आहेत. पूर्वी मी ब्ल्यूबेरी, ब्लॅककरंट असं छापायचे. मग एक काकू म्हणाल्या, हे आम्ही कधी खाल्लेलं नाही, ओळखू कसं? त्या दिवसापासून करवंद, जांभूळ, काकवी लिहिते.

दुकानात छान लागते, घरी तीच कॉफी सपक लागते.

बहुतेक वेळा पाणी. बोअरचं पाणी जड असतं, त्यातले क्षार कॉफीचा आंबटपणा दाबून टाकतात. नळाचं गाळून उकळलेलं पाणी वापरून बघा. केनिया-इथिओपियाला हा फरक जास्त जाणवतो, ब्राझीलला कमी.

सुरुवात कोणत्या कॉफीनं करू?

एकच कॉफी घेऊ नका, दोन घ्या. एक वॉश्ड चिकमगळूर, एक नॅचरल इथिओपिया, प्रत्येकी १०० ग्रॅम. सारख्या मापानं, सारख्या पाण्यानं, बिनदुधाची करून शेजारी ठेवा. निम्मी गार झाली की पुन्हा चाखा. गरम असताना झाकलेल्या चवी तेव्हा बाहेर येतात.

शेतात नाही तर नाही, कुंडीत लावता येईल का?

येईल. आमच्या गच्चीच्या जिन्याखाली तीन झाडं आहेत. कुंडी खोल घ्या, लाल माती, शेणखत आणि कोकोपीट मिसळा, दुपारचं ऊन लागू देऊ नका, मे महिन्यात पानांवर पाणी फवारा आणि डिसेंबरात रात्री आत घ्या. फुलं यायला तीन-चार वर्षं जातात. डाळिंबाला देतात तसा जानेवारी-फेब्रुवारीत ताण द्यायचा, पानं किंचित मलूल होईपर्यंत, आणि मग एका संध्याकाळी भरपूर पाणी. यंदा पाणी दिल्यावर नवव्या दिवशी सकाळी जिना पांढरा झाला होता, आणि जाईसारखा वास खालच्या मजल्यापर्यंत गेला. फुलं तीन दिवसांत गळाली. सध्या मधल्या झाडावर अकरा फळं धरली आहेत, अजून हिरवी आहेत.